श्रोणितल स्नायूंचे मापन

श्रोणितल स्नायूंचे मापन म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे आकुंचन, शिथिलीकरण, बळ आणि टिकाव यांची ठरावीक पद्धतीने केलेली नोंद होय. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तीन अवयवांना हे स्नायू खालून आधार देतात. ते दुर्बल झाले, फाटले किंवा सतत ताठरलेले राहिले तर लघवी गळणे, अंग बाहेर येणे, शौचावर ताबा न राहणे, संबंधाच्या वेळी वेदना होणे अशा तक्रारी उद्भवतात. या तक्रारींचे निदान करण्यासाठी, उपचार ठरविण्यासाठी आणि उपचाराचा गुण आला की नाही हे पाहण्यासाठी हे मापन केले जाते. स्त्रीरोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ आणि स्त्री-आरोग्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेले भौतिकोपचारतज्ज्ञ ते करतात. श्रोणितल पुरुषांनाही असते व त्यांच्यातही असे मापन होते. प्रस्तुत लेखात स्त्रियांच्या आरोग्याच्या अंगाने विचार केला आहे.

संज्ञा

कमरेच्या हाडांच्या कड्याला ‘श्रोणी’ म्हणतात. या कड्याचा खालचा भाग हाडांनी बंद झालेला नसून स्नायू व तंतुमय पडदे यांनी झाकलेला असतो, म्हणून त्यास ‘श्रोणितल’ असे नाव आहे. मराठी बोलीत या भागासाठी स्वतंत्र शब्द रूढ नाही. मात्र तो सैल झाल्यावर होणाऱ्या विकारांना ‘अंग बाहेर येणे’, ‘मायांग उतरणे’ असे शब्द घरोघरी माहीत आहेत. वैद्यकीय मराठीत गर्भाशय खाली सरकण्यास ‘गर्भाशयभ्रंश’ म्हणतात. खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना लघवी गळत असेल तर तो ‘ताणजन्य मूत्रस्राव’. अनावर घाई होऊन वाटेतच लघवी होत असेल तर तो ‘घाईजन्य मूत्रस्राव’ होय. एकाच स्त्रीत दोन्ही प्रकार एकत्र आढळू शकतात.

रचना व कार्य

श्रोणितलाचा मुख्य स्नायू गुदोत्थापक या नावाने ओळखला जातो. तो समोर जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा पसरलेला असतो. त्याचे तीन भाग मानतात. पहिला भाग गुदाशयाला मागून वेढा घालून पुन्हा जघनास्थीकडे येतो, दुसरा जघनास्थीपासून माकडहाडाकडे जातो आणि तिसरा बाजूच्या भिंतीपासून सुरू होऊन मध्यभागी मिळतो. झोळीच्या मध्यभागी पुढच्या बाजूस एक फट असते. तीतून मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग बाहेर पडतात. प्रसूतीच्या वेळी बाळही याच फटीतून येते. म्हणून ही फट एकाच वेळी घट्ट आणि ताणली जाण्याजोगी असावी लागते.

या स्नायूंना त्रिकास्थीजवळील दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंत्रिकांपासून निघणाऱ्या शाखा चेतना पुरवितात. हातापायांचे स्नायू विश्रांतीत जवळजवळ निष्क्रिय असतात. गुदोत्थापक स्नायू मात्र बसताना, उभे राहताना आणि झोपेतही थोडा ताण धरून असतो. त्यातील बहुसंख्य तंतू संथ गतीचे व न थकणारे असतात. तेच दिवसभर अवयवांचे ओझे पेलतात. उरलेले तंतू जलद गतीचे असून खोकला किंवा शिंक येण्याच्या क्षणी झटक्याने आकुंचन पावतात आणि मूत्रमार्ग दाबून धरतात. चांगल्या श्रोणितलात हे आकुंचन पोटातील दाब वाढण्याच्या किंचित आधी सुरू होते. त्यामुळे मापन करताना केवळ बळ पाहून भागत नाही. टिकाव, वेग, योग्य क्षण साधणे आणि नंतर पूर्ण सैल होणे या चारही गोष्टी पाहाव्या लागतात.

स्नायू बिघडण्याची कारणे

योनिमार्गे होणारी प्रसूती हे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने दाखविले की, बाळाचे डोके बाहेर येताना गुदोत्थापकाचा सर्वांत आतला भाग आपल्या मूळ लांबीच्या सुमारे ३.२६ पट ताणला जातो. शरीरातील इतर स्नायू एवढा ताण सहसा सहन करू शकत नाहीत. काही स्त्रियांत या वेळी स्नायूची कड जघनास्थीपासून सुटते. चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत ही शक्यता वाढते. बाहेरून टाके दिसत नसल्याने ही इजा पूर्वी ओळखू येत नसे.

इतर कारणांत वाढते वय, रजोनिवृत्ती, स्थूलता, जुनाट खोकला, दीर्घकालीन बद्धकोष्ठता, रोजचे जड ओझे उचलणे, मज्जारज्जूचे आजार आणि ओटीपोटावरील शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता डोक्यावर पाणी, सरपण वा गवताचे भारे वाहावे लागणे हे ग्रामीण भागातील एक ठळक कारण होय. उलट, काही स्त्रियांत हे स्नायू नेहमी आवळलेले असतात. जुनी वेदना, भीती, आघात किंवा दीर्घ काळ लघवी रोखून धरण्याची सवय यांमुळे असे घडू शकते. अशा स्त्रीला आवळण्याचे व्यायाम दिले तर त्रास वाढण्याचा संभव असतो. म्हणूनच उपचारापूर्वी तपासणी आवश्यक ठरते.

इतिहास

श्रोणितल जाणीवपूर्वक आवळण्याची कल्पना भारतात जुनी आहे. हठयोगप्रदीपिकेत मूलबंधाचे आणि घेरंडसंहितेत अश्विनी मुद्रेचे वर्णन आहे. दोन्हींत गुदद्वाराजवळचा भाग आत ओढून धरणे अभिप्रेत आहे. या क्रियांचा मूळ हेतू आध्यात्मिक होता, विकारांचे मापन हा नव्हता.

शरीराच्या आतील दाब उपकरणाने मोजून योगक्रिया तपासण्याचा आरंभीचा प्रयत्न महाराष्ट्राशी निगडित आहे. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी बृहदांत्रातील दाब वातावरणातील दाबाच्याही खाली जातो, हे त्यांनी दाबमापी लावून नोंदविले. क्ष-किरणांचाही त्यांनी उपयोग केला. आपल्या गुरूंच्या नावावरून या अवस्थेला त्यांनी ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. हे प्रयोग पोटाच्या स्नायूंविषयी होते, स्त्रियांच्या श्रोणितलाविषयी नव्हते. तथापि आतील स्नायूंची क्रिया दाबाच्या आकड्यांत पकडता येते, हे तत्त्व त्यांत होते.

भ्रंशावरील शस्त्रक्रियेतही मराठी व कोकणी मुलखातील वैद्यांचे काम जगभर नावाजले गेले. गोव्यातील शिरोडा येथे जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी गर्भाशयमुखाला टाका घालून गर्भपात रोखण्याची पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. गर्भाशय न काढता ते पट्टीच्या आधाराने त्रिकास्थीकडे बांधून घेण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे यांच्या नावाची, गर्भाशयमुख पोटाच्या पुढील भिंतीला आधार देऊन बांधण्याची शस्त्रक्रिया अशीच प्रसिद्ध आहे. तरुण वयात अंग बाहेर आलेल्या आणि पुढे मूल हवे असलेल्या स्त्रियांचा विचार या दोन्ही पद्धतींमागे होता.

स्नायूंच्या प्रत्यक्ष मापनाचा पाया अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी घातला. प्रसूतीनंतर सैल पडलेल्या स्नायूंना नियमित व्यायामाने पुन्हा बळ येते, असे त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडले. या व्यायामासाठी त्यांनी ‘पेरिनिओमीटर’ हे उपकरण बनविले. योनिमार्गात ठेवायची हवा भरलेली रबरी नळी आणि तिला जोडलेली दाबाची तबकडी असे त्याचे स्वरूप होते. स्त्रीने स्नायू आवळले की तबकडीवरील काटा सरकत असे. आपले न दिसणारे स्नायू काम करीत आहेत हे स्त्रीला स्वतः पाहता येणे, हा त्यातील खरा नवा विचार होता. पुढे व्यायामाला ‘केगेल व्यायाम’ हे नाव चिकटले, पण उपकरण मात्र मागे पडले आणि बहुतेक ठिकाणी तोंडी सूचनांवरच काम भागविले जाऊ लागले.

या पद्धतीतील उणीव १९९१ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिली. ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन नंतर त्यांचे मापन केले असता सुमारे निम्म्याच स्त्रिया (४९ टक्के) योग्य रीतीने स्नायू आवळीत होत्या. २५ टक्के स्त्रियांचा प्रयत्न तर असा होता की, त्याने लघवी गळणे वाढण्याचीच शक्यता होती. आत ओढण्याऐवजी त्या कुंथत होत्या. यानंतर व्यायामापूर्वी एकदा तरी तपासणी करावी, हा आग्रह वाढला. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल काँटिनन्स सोसायटी या संस्थेने २००५ मध्ये या क्षेत्रातील संज्ञांना एकरूपता देणारा अहवाल प्रसिद्ध केला.

मापनाच्या पद्धती

निरीक्षण : तपासणीची पहिली पायरी डोळ्यांनी पाहण्याची असते. स्नायू नीट आवळले तर योनिमार्ग व गुदद्वार यांमधला भाग आत व वर जातो. तो बाहेर फुगत असेल तर स्त्री कुंथत आहे असे समजते. खोकल्यास सांगून लघवीचा थेंब येतो का आणि कोणता भाग खाली सरकतो, हेही पाहतात. भ्रंश किती आहे हे सेंटीमीटरमध्ये नोंदविण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९९६ पासून वापरात आहे.

बोटाने तपासणी : स्त्रीची संमती घेऊन, हातमोजा घातलेल्या बोटाने स्नायूंचे आकुंचन अजमावले जाते. यासाठी ‘सुधारित ऑक्सफर्ड श्रेणी’ सर्वाधिक प्रचारात आहे. तीत शून्य म्हणजे आकुंचन नाही, एक म्हणजे केवळ फडफड, दोन म्हणजे दुर्बळ, तीन म्हणजे मध्यम व थोडे वर उचलणारे, चार म्हणजे चांगले आणि पाच म्हणजे विरोधालाही न जुमानणारे जोरकस आकुंचन. ब्रिटिश भौतिकोपचारतज्ज्ञ जो लेकॉक व त्यांच्या सहकाऱ्याने २००१ मध्ये मांडलेल्या योजनेत बळाबरोबरच आकुंचन किती सेकंद टिकते, किती वेळा पुन्हा करता येते आणि किती झटपट आकुंचने जमतात हेही मोजतात. उदाहरणार्थ, एखाद्या स्त्रीची नोंद ‘श्रेणी ३, पाच सेकंद, चार वेळा, झटपट सात’ अशी असेल तर तिला पहिल्याच दिवशी दहा सेकंदांचा व्यायाम सांगणे व्यर्थ ठरते. तिच्या आवाक्यातल्या आकड्यापासून आरंभ करून तो हळूहळू वाढवितात. या पद्धतीला यंत्र लागत नाही आणि डावी-उजवी बाजू वेगवेगळी तपासता येते. मात्र दोन तपासनिसांच्या श्रेणीत फरक पडू शकतो.

दाबमापन : केगेल यांच्या उपकरणाचे हे आधुनिक रूप आहे. योनिमार्गात ठेवलेल्या लहान फुग्यावर वा दाबसंवेदकावर स्नायूंचा दाब पडतो आणि तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये किंवा पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये नोंदविला जातो. विश्रांतीचा दाब आणि पूर्ण आकुंचनाचा दाब यांतील फरक महत्त्वाचा असतो. पोटातला दाब वाढला तरी आकडा वाढतो, ही या पद्धतीची मुख्य अडचण आहे. कुंथणाऱ्या स्त्रीचा आकडा मोठा दिसेल, पण तिचे स्नायू काम करीत नसतील. म्हणून दाब मोजताना श्रोणितल आत ओढले जात आहे की नाही, याकडे सतत लक्ष ठेवतात.

स्नायुविद्युतालेखन : स्नायू आकुंचन पावताना त्यात सूक्ष्म विद्युत् बदल होतात. हे बदल योनिमार्गात ठेवलेल्या किंवा बाहेरील त्वचेवर चिकटविलेल्या विद्युत् अग्रांनी टिपून मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. इस्पितळात या तपासणीला ईएमजी म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड ग्लेझर यांच्या नावाचा क्रम यासाठी प्रसिद्ध आहे. एक मिनिट विश्रांती, पाच झटपट आकुंचने, दहा-दहा सेकंदांची पाच आकुंचने, एक मिनिटाचे सलग आकुंचन आणि शेवटी पुन्हा एक मिनिट विश्रांती असे त्याचे टप्पे आहेत. स्नायू आकुंचनानंतर पूर्ण सैल होतात की नाही हे या आलेखात स्पष्ट दिसते. त्यामुळे आवळलेल्या स्नायूंच्या तक्रारीत तो उपयोगी पडतो. विद्युत् आकडा म्हणजे बळ नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. अग्राची जागा, त्वचेचा ओलावा आणि शेजारच्या मांडी वा नितंबाच्या स्नायूंची क्रिया यांमुळे आकडा बदलतो.

सोनोग्राफी : जननेंद्रियाच्या बाहेर, त्वचेवर यंत्राचे टोक ठेवून मूत्राशय, मूत्रमार्ग व गुदाशय यांची हालचाल पडद्यावर पाहता येते. आत काहीही घालावे लागत नाही. त्रिमितीय सोनोग्राफीने श्रोणितलातील फटीचे क्षेत्रफळ मोजतात. जोर करताना हे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक झाले तर फट प्रमाणाबाहेर रुंदावल्याचे मानतात. प्रसूतीत स्नायूची कड हाडापासून सुटली असेल तर तीही या पद्धतीने दिसते. एमआरआय तपासणीने अधिक बारकावे कळतात, पण ती खर्चीक आहे.

बलमापन : दोन पाती असलेल्या उपकरणाने स्नायूंचे बळ न्यूटन या एककात मोजले जाते. ही पद्धत अचूक असली तरी तिचा वापर प्रामुख्याने संशोधनात होतो.

पूरक नोंदी : स्नायूंच्या मापनाला प्रत्यक्ष त्रासाच्या मापनाची जोड द्यावी लागते. तीन दिवस किंवा त्याहून अधिक काळ लघवीच्या वेळा, प्रमाण व गळती यांची वही ठेवणे, ठरावीक वेळ वापरलेल्या पॅडचे वजन करून किती ग्रॅम लघवी गळली हे काढणे आणि दैनंदिन जीवनावरील परिणामाची प्रश्नावली भरून घेणे या त्यांतील साध्या पद्धती आहेत. या नोंदी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येतात.

निष्कर्षांचे वाचन

मापनानंतर श्रोणितलाची अवस्था साधारणपणे चार प्रकारांत मांडतात : सामान्य, अतिक्रियाशील, अल्पक्रियाशील आणि निष्क्रिय. सामान्य स्नायू इच्छेनुसार आवळतात व सैलही होतात. अतिक्रियाशील स्नायू सैल व्हायच्या वेळीही आवळलेले राहतात. अशा स्त्रियांना लघवी वा शौचास अडथळा आणि संबंधाच्या वेळी वेदना होतात. अल्पक्रियाशील स्नायू गरजेच्या वेळी आवळत नाहीत. निष्क्रिय अवस्थेत कोणतीही क्रिया जाणवत नाही. एखाद्या स्त्रीचा एकटा आकडा दुसऱ्या स्त्रीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नसतो, कारण उपकरणागणिक मोजपट्टी बदलते. त्याच स्त्रीचे, त्याच उपकरणाने, त्याच स्थितीत काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले आकडे मात्र बरेच काही सांगतात.

उपचारातील उपयोग

लघवी गळण्यावर श्रोणितलाचा व्यायाम हा पहिला उपाय मानला जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार ताणजन्य मूत्रस्राव असलेल्या व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी त्रास पूर्ण थांबल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण ६ टक्के होते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावीत आणि त्याआधी स्नायू खरोखर आवळले जातात की नाही याची बोटाने खात्री करून घ्यावी. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम नित्य करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येतो.

मापनाचे आलेख स्त्रीला त्याच वेळी दाखवून व्यायाम शिकविण्याच्या पद्धतीला बायोफीडबॅक म्हणतात. ज्या स्त्रीला कोणता स्नायू आवळायचा हेच उमगत नाही, तिला याची मदत होते. वेदनेच्या तक्रारीत हीच पद्धत उलट दिशेने, म्हणजे सैल होणे शिकविण्यासाठी वापरतात. याशिवाय प्रसूतीनंतरची तपासणी, भ्रंशाच्या शस्त्रक्रियेपूर्वीचे नियोजन आणि शौचावरील ताबा सुटल्याच्या तक्रारी यांतही मापनाचा आधार घेतला जातो.

मर्यादा व मतभेद

महागडे यंत्र वापरल्याने गुण अधिक येतोच असे नाही. ब्रिटनमध्ये ६०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला केवळ व्यायाम आणि दुसऱ्या गटाला व्यायामासोबत विद्युतालेखी बायोफीडबॅक देण्यात आला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांतील गळतीच्या तीव्रतेत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रशिक्षित व्यक्तीचे मार्गदर्शन आणि स्त्रीचे सातत्य हे दोन्ही गटांत समान होते. म्हणून सर्वांना सरसकट यंत्र लावण्यापेक्षा गरजेनुसार त्याचा वापर करावा, असा तज्ज्ञांचा कल आहे. यंत्राच्या अभावी उपचार अडून राहण्याचे कारण नाही, असाही याचा अर्थ होतो.

मापनाचा आकडा आणि स्त्रीचा त्रास यांची सांगड नेहमी बसत नाही. कमी दाब असूनही काहींना त्रास नसतो, तर चांगला दाब असूनही काहींची लघवी गळते. कारण मूत्रमार्ग, अस्थिबंध, तंत्रिका व मूत्राशय यांचाही त्यात वाटा असतो. तपासणीच्या वेळचा संकोच हेही आकडा बदलण्याचे कारण आहे. मासिक पाळी, गर्भारपण, नुकतीच झालेली प्रसूती व जंतुसंसर्ग अशा वेळी आतील मापन करावे की नाही, हे वैद्यक व्यक्तीने ठरवायचे असते. अविवाहित मुलींत व ज्यांना आतील तपासणी नको आहे अशा स्त्रियांत बाहेरून केलेली सोनोग्राफी व निरीक्षण हे पर्याय आहेत.

महाराष्ट्रातील संदर्भ

ग्रामीण स्त्रियांचे हे विकार मोजलेच जात नव्हते, याकडे जगाचे लक्ष गडचिरोली जिल्ह्यातील एका अभ्यासाने वेधले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेतील सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. प्रत्येक स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार होते. त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास श्रोणितलापुरता नव्हता आणि त्यात स्नायूंचे यांत्रिक मापन झालेले नव्हते. तरीही ‘तक्रार नाही’ म्हणजे ‘आजार नाही’ असे समजणे किती चुकीचे आहे, हे त्याने दाखविले. स्त्रिया आपल्या शरीराविषयी कोणत्या शब्दांत बोलतात याचा वेध राणी बंग यांनी ‘कानोसा’ या मराठी पुस्तकात घेतला आहे.

ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चर्चेत आला. बीड जिल्ह्यातील या स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याच्या बातम्यांनंतर राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. मोळ्यांचे ओझे, शौचालयाचा अभाव, लवकर झालेली लग्ने व बाळंतपणे आणि आजारपणात बुडणारी मजुरी ही या कामाची परिस्थिती आहे. जड ओझे व कमी अंतराची बाळंतपणे हीच श्रोणितल दुर्बल होण्याचीही कारणे आहेत. ओटीपोट जड वाटणे वा अंग खाली येणे अशा प्रत्येक तक्रारीला गर्भाशय काढणे हे उत्तर नसते. आधारच सैल झालेला असेल तर गर्भाशय काढल्यानंतरही योनिमार्गाचा भाग खाली येऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या निर्णयाआधी स्नायूंची तपासणी व व्यायामाची संधी मिळणे यासाठीच मोलाचे ठरते.

श्रोणितलाचा प्रश्न केवळ बाळंतपण झालेल्या वा कष्टकरी स्त्रियांचा नाही. स्वीडनमधील ट्रँपोलिन खेळणाऱ्या ३५ निष्णात मुलींच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८ जणींना म्हणजे ८० टक्के मुलींना सरावाच्या वेळी लघवी गळण्याचा अनुभव होता. त्यांपैकी कोणीही माता नव्हती. उडी मारून जमिनीवर येताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार श्रोणितलावर येतो, हे त्याचे कारण होय. पुणे जिल्ह्यात महाळुंगे (ता. मुळशी) व बालेवाडी यांच्या परिसरात श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा तेथे झाल्या. अशा संकुलांत सराव करणाऱ्या धावपटू, जिम्नॅस्ट व भारोत्तोलक मुलींच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे. गुडघा वा घोटा दुखल्यास खेळाडू प्रशिक्षकाला सांगते. लघवी गळते हे मात्र ती सांगत नाही आणि अनेकदा पाणी पिणे कमी करते किंवा खेळच सोडते.

‘दोन बोटांच्या चाचणी’हून वेगळेपण

वैद्यकीय मापनाची गल्लत लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पूर्वी केल्या जाणाऱ्या ‘दोन बोटांच्या चाचणी’शी होऊ नये. योनिमार्गाच्या सैलपणावरून स्त्रीचा पूर्वीचा शरीरसंबंध वा कौमार्य ठरविण्याचा तो प्रकार होता. त्याला शास्त्रीय आधार नाही. श्रोणितलाचा ताण वय, ठेवण, भीती, व्यायाम आणि प्रसूती यांनुसार बदलतो. त्यावरून चारित्र्याविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या चाचणीविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी असल्याचे म्हटले आणि २०२२ मध्ये ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल असे स्पष्ट केले. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये कौमार्याच्या तथाकथित लक्षणांचा भाग आपल्या अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय घेतला. त्याच सुमारास पुणे परिसरातील कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी लग्नानंतरच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध मोहीम चालविली होती.

वैद्यकीय मापनात प्रश्न स्त्रीने विचारलेला असतो आणि उत्तरही तिच्यासाठीच असते. दोहोंतील मूलभूत फरक हाच आहे.

संमती व खासगीपणा

तपासणीपूर्वी तिचा हेतू, पद्धत आणि पर्याय स्त्रीला समजतील अशा भाषेत सांगून संमती घेणे बंधनकारक आहे. दिलेली संमती तपासणीच्या मध्येही मागे घेता येते. तपासणी बंद खोलीत व्हावी आणि स्त्रीची इच्छा असल्यास विश्वासातील दुसरी स्त्री सोबत असावी. नवरा, सासू वा अन्य नातलगांची संमती स्त्रीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

अलीकडे घरी वापरायची, मोबाइलला जोडली जाणारी लहान उपकरणे बाजारात आली आहेत. त्यांत साठणारी माहिती अत्यंत खासगी स्वरूपाची असते. ती कोठे साठते, कोणाला दिली जाते आणि पुसता येते का, हे खरेदीपूर्वी पाहणे आवश्यक आहे. भारतात वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा संमत झाला असून वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत. घरगुती उपकरण व्यायामाची आठवण आणि प्रगतीची नोंद ठेवू शकते; निदान मात्र करू शकत नाही. लघवीत रक्त येणे, लघवी अडणे, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणे, पायांत बधिरता येणे किंवा बाहेर आलेले अंग आत न जाणे ही लक्षणे दिसल्यास मापनाच्या वा व्यायामाच्या भरवशावर न थांबता तत्काळ डॉक्टरांना दाखवावे लागते.